झाकण बंद आहे

माझ्या स्वभावाबद्दल आमच्या संशोधन संस्थेच्या इमारतीत जे बोललं जातं, त्यातलं निम्मं खरं आहे. मी चिडते. चिडले की आवाज चढतो, आणि आवाज चढला की समोरचा माणूस बरोबर असला तरी गप्प बसतो. पाठीमागे मला सगळे 'खडीसाखर' म्हणतात. एक तर मी प्रोटीनचे खडे वाढवते, आणि दुसरं म्हणजे माझ्या बोलण्यात साखर औषधालाही सापडत नाही. हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक आहे, पण तो आता निवृत्त झाला, म्हणून सोडून दिलं.

खडे वाढवायचे म्हणजे काय, ते आधी सांगते. प्रोटीन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. ती स्वतःभोवती गुंडाळून एक ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं सगळं काम चालतं. हा आकार साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. तो बघायचा तर अब्जावधी सारखे रेणू एकमेकांना खेटून शिस्तीत बसवावे लागतात, म्हणजे त्यांचा स्फटिक करावा लागतो. मग त्यातून क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपके पडतात, आणि त्या ठिपक्यांच्या गणितातून आकार उभा करायचा. यातलं गणित आता संगणक करतो. स्फटिक मात्र त्याच्या मनाला येईल तेव्हा होतो. प्लास्टिकच्या ताटलीत शहाण्णव खळगे, प्रत्येकात वेगळ्या खारट पाण्याचा थेंब, त्यात प्रोटीनचा थेंब, वर चिकटपट्टी. आणि मग रोज भिंगातून बघत बसायचं. बहुतेक थेंबांत नासक्या दुधासारखा गाळ होतो. अठ्ठावीस वर्षं मी हा गाळ बघत आले आहे, आणि मला शांत स्वभावाची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी एकदा एक ताटली घेऊन बसून बघावं.

ज्या प्रोटीनची ही गोष्ट आहे ते एक एन्झाइम आहे. काही मुलांना जन्मतःच ते नसतं, त्यामुळे एक प्रकारची साखर त्यांच्या शरीरात मोडली जात नाही, साठत जाते. मग ते एन्झाइम बाहेरून द्यावं लागतं, दर आठवड्याला, अर्धा दिवस खुर्चीत बसवून, हातात सुई लावून. कारण शरीराच्या उबेत ते टिकत नाही, उलगडतं. ते टिकाऊ करता आलं तर आठवड्याचा महिना होईल. माझी धाकटी बहीण एकदा तो वॉर्ड बघून आली होती. आल्यावर दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

तर त्या एन्झाइमचा पहिला आकार मी काढला. दोन वर्षं आणि चार महिने गाळ बघितल्यावर एका सकाळी एका खळग्यात काचेच्या कणासारखा एक खडा चमकला. मला आकाश ठेंगणं झालं. त्यातून जे चित्र निघालं ते एका नामांकित नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापलं गेलं: निळ्या आणि केशरी फितींचा एक गुंता, मधोमध एक खिसा, आणि त्या खिशावर झाकणासारखा एक वाकलेला पट्टा. आईने ते कापून भिंतीवर लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, "हे आमच्या थोरलीने काढलंय." बहुतेकांना वाटतं मी रंगाच्या पेट्या घेऊन बसते. लेखात मी लिहिलं होतं: झाकण बंद आहे. तीन शब्द. ते लिहिताना माझा हात क्षणभरही अडला नव्हता.

धाकटी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं, भागाकार मी शिकवला, आणि प्रोटीनच्या नादालाही मीच लावलं असं आई म्हणते. ती माझ्या खालच्या मजल्यावर काम करते. मी आकार काढते, ती आकार बदलते. माळेतला एखादा मणी काढून त्या जागी दुसरा बसवायचा आणि प्रोटीन आधीपेक्षा टणक होतं का बघायचं, हे तिचं काम. कुठला मणी बदलायचा हे आंधळेपणाने ठरवता येत नाही, हजारो शक्यता असतात. म्हणून चित्र लागतं. तिने माझं चित्र समोर ठेवलं आणि झाकणाखालच्या खिशात जिथे जिथे मोकळी जागा दिसत होती तिथे तिथे तेलकट स्वभावाचे मणी बसवायला सुरुवात केली. तेलकट मणी पाण्याला टाळतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. झाकण बंद असेल तर आत पाणी शिरत नाही, त्यामुळे आतला भाग पक्का व्हायला हवा होता. कागदावर हे इतकं सरळ होतं की मी सहा महिन्यांत निकाल मागितला होता.

तीन वर्षं झाली. एक्केचाळीस बदल झाले. प्रत्येक बदलामागे दोन-तीन आठवडे: जीवाणूंना बदललेल्या माळेचा नवा मजकूर द्यायचा, ते वाढवायचे, फोडायचे, त्यातून आपलं प्रोटीन थंड खोलीत बसून गाळून वेगळं काढायचं, मग हळूहळू तापवत न्यायचं आणि कुठल्या अंशाला ते हात टेकतं ते बघायचं. जवळजवळ प्रत्येक वेळी तेच झालं. नवं प्रोटीन जुन्याच्याही आधी गोळा होऊन खाली बसलं. धाकटी ते परत करायची. परत तेच. तिसऱ्यांदा करायची. तिसऱ्यांदाही तेच.

आता मी काय केलं ते सांगते. एक चांगली बहीण काय करेल तसं मी काहीही केलं नाही. मी तिच्या वह्या मागवून घेतल्या आणि लाल पेनने खुणा केल्या. तिच्या मागे उभं राहून ती थेंब मोजायची पिपेट कशी धरते ते बघितलं. तिच्या तराजूवर माझ्याकडचं प्रमाणित वजन ठेवून तो बरोबर आहे का ते तपासलं. तो बरोबर होता. सहा महिन्यांपूर्वीच्या सभेत आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं, "नेमकं कुठे अडतंय? चित्रात, की हातांत?" हे प्रमुख प्रत्येक गोष्टीला किती, केव्हा आणि कुठपर्यंत असं विचारतात, म्हणून त्यांना आम्ही 'मोजपट्टी' म्हणतो. चौदा माणसं बसली होती. मी म्हणाले, "चित्रात चूक नाही सर. हात बघा."

धाकटी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती. ती काय लिहीत होती ते मी कधी विचारलं नाही.

पुढची सभा गुरुवारी होती. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी डबा घेऊन आली आणि न उघडताच म्हणाली, "ताई, गुरुवारी मीच सांगून टाकते. प्रकल्प चांगला आहे, माझ्या हाताला गुण नाही. दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. मला एका शाळेच्या प्रयोगशाळेत जागा मिळतेय. बाटल्या मांडायच्या, मुलांनी फोडल्या की परत मांडायच्या."

"नीट विचार कर," मी म्हणाले.

"केलाय. एक्केचाळीस वेळा माणूस नापास झाला की अजून काय विचार करायचा?"

मी तिची समजूत काढली नाही. उलट, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं. तिचं रोजचं कोमेजलेलं तोंड बघून माझा जीव कासावीस व्हायचा, आणि ती गेली तर ते बघावं लागणार नाही असा एक स्वार्थी विचार माझ्या मनात येऊन गेला. पंचेचाळीस वर्षांची बाई डबा न उघडता परत घेऊन गेली आणि मी माझा संपवला.

सोमवारी सकाळी तळघरातून फोन आला. तळघरात आमचा बर्फवाला असतो. त्याच्याकडे जे यंत्र आहे त्याला स्फटिक लागत नाही. प्रोटीनचं पाणी तो एका जाळीवर अगदी पातळ पसरतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठवतो, आणि त्या बर्फात अडकलेल्या एकेका सुट्या रेणूचे इलेक्ट्रॉनच्या झोताने फोटो काढतो. एकेक फोटो अगदी भुरकट असतो. पण लाखो फोटो एकमेकांवर ठेवले की आकार वर येतो. हे यंत्र आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलं, आणि त्याच्यापुढे वेळेसाठी इतकी रांग असते की मी कधी गेले नव्हते. शिवाय माझा आकार होताच की.

"मॅडम, जरा खाली येता का," तो म्हणाला. "कुणाला काही बोललो नाहीये अजून."

त्याच्या खोलीत हळू बोलावं लागतं, यंत्राला कंपनं सोसत नाहीत. भर उन्हाळ्यातही डोक्याला लोकरी टोपी घालणारा हा माणूस माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा आहे आणि मला अजिबात घाबरत नाही. त्याने सांगितलं की मागच्या आठवड्यात यंत्र अर्धा दिवस रिकामं होतं, तेव्हा धाकटीच्या मूळ, न बदललेल्या प्रोटीनची एक उरलेली नळी त्याने टाकून बघितली. मग त्याने पडद्यावर आकार फिरवला. निळ्या फिती, केशरी फिती, सगळं माझंच. फक्त झाकण उघडं होतं. चांगलं हातभर, म्हणजे त्या जगातलं हातभर, वर उचललेलं.

"तुमचा बर्फ कच्चा राहिलाय," मी म्हणाले.

"तीनदा केलं, मॅडम. तीन लाख रेणू आहेत. बहुतेकांचं उघडंच आहे."

"तो अंदाज लावणारा प्रोग्राम आहे ना, नुसती मण्यांची यादी दिली की आकार सांगतो तो? तोही बंदच म्हणतो. मी स्वतः बघितलंय."

"तो शिकला कशावरून?" त्याने विचारलं.

मला उत्तर येत होतं. तो प्रोग्राम छापून आलेल्या हजारो आकारांवर शिकलेला असतो, आणि या प्रोटीनचा छापून आलेला आकार एकच होता. ज्याला मी इतके दिवस दुसरा साक्षीदार समजत होते तो माझाच विद्यार्थी निघाला.

बर्फवाल्याने टोपी काढली, परत घातली. "मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "शेजारी बघितले होते का?"

हा प्रश्न माझा आहे. आमच्याकडे स्फटिकाचं काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी तो घोकून घ्यायला लावते. स्फटिकात रेणू एकटा नसतो. दवाखान्याच्या बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली असतात, तसे ते बसलेले असतात. त्यातल्या एकाचाच फोटो कापून काढला तर त्याचा हात छातीशी का दुमडलाय ते कळत नाही. आपल्याला वाटतं, हा माणूस असाच बसतो. म्हणून काही ठरवायच्या आधी शेजारी बघायचे. संगणकावर एक बटण दाबलं की सगळे शेजारी हजर होतात. एक बटण.

मी वर आले, दार लावलं आणि माझी जुनी फाइल उघडली. बटण दाबलं. आठ-दहा रेणू करड्या रंगात भोवती येऊन उभे राहिले. त्यातल्या डावीकडच्याचं कोपर माझ्या झाकणावर टेकलेलं होतं. नुसतं टेकलेलंही नव्हे, त्याने ते दाबून धरलं होतं. झाकण आपणहून मिटलेलं नव्हतं, शेजाऱ्याने मिटवलेलं होतं.

मग आठवलं. पुढे मुखपृष्ठावर गेलेलं ते चित्र करताना हे शेजारी मध्ये मध्ये येत होते, गर्दी दिसत होती. मी ते बंद केले. त्यानंतर ती फाइल मी जितक्या वेळा उघडली तितक्या वेळा ती तशीच, एकट्या रेणूची, उघडली. लेख मी त्या सुंदर चित्राकडे बघत लिहिला होता.

दुपारी बर्फवाला वर आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "हे बघा, याला चूक म्हणायचं काही कारण नाही. नवं यंत्र आलं, नवी माहिती मिळाली. गुरुवारी मी मांडतो. तुमचं नावही काढत नाही. सगळीकडे असंच मांडतात."

माणूस भला आहे. त्याने मला चहा पाजला आणि परत गेला. तो गेल्यावर मी त्याचं बोलणं मनात घोळवत बसले, आणि मला ते पटत गेलं. प्रकल्प वाचेल. चित्राची अब्रू राहील. खोटं तर कुणी बोलणार नव्हतं. चांगले तीन तास मी त्या विचाराच्या उबेत बसले.

पण धाकटीचं काय? नवी माहिती मिळाली, टाळ्या झाल्या, आणि ती उठून म्हणाली की माझ्या हाताला गुण नाही, तर तिला कोण अडवणार होतं? चौदा माणसांच्या मनात तिचे हात वाईट होते, कारण ते मी त्यांना सांगितलं होतं. बर्फवाल्याच्या त्या सभ्य मांडणीत या एका वाक्याला जागाच नव्हती.

मंगळवारी मी थंड खोलीत गेले. ती तिथे बाबांचा जुना स्वेटर घालून बसते. चार अंशांत नळ्यांची रांग पुढे सरकत होती, प्रत्येकीत थेंब थेंब प्रोटीन पडत होतं. ती नळ्यांवर आकडे लिहीत होती.

"तुझ्याशी बोलायचंय."

"थांब, चौदावी भरू दे."

चौदावी भरली. मी सांगितलं. आढेवेढे न घेता सांगितलं, कारण घेतले असते तर मी कुठेतरी वळणावर सटकले असते, इतकी मी मला ओळखते. झाकण उघडं आहे. मी शेजारी बघितले नव्हते. तू तीन वर्षं जिथे तेलकट मणी बसवत होतीस तिथे सगळं पाणीच पाणी आहे.

पंधरावी भरून वाहायला लागली तेव्हा तिने पटकन पुढची सरकवली. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात. झाकण खरंच बंद असतं का ग ताई, असं विचारलं होतं. तू ताटल्या बघत होतीस. भिंगातून डोळाही काढला नाहीस. म्हणालीस, चित्र मी काढलंय, तू मणी बदल."

मला ते आठवत नव्हतं. पण वाक्य ऐकताच ते माझंच आहे हे मी ओळखलं. दुसरं कोणी असं बोलत नाही.

"मला वाटलं, मला काही कळत नाही म्हणून मी असलं विचारते," ती म्हणाली. "मग नाही विचारलं परत."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिने खांदा काढून घेतला, अगदी सहज, जणू तिला पलीकडची बाटली हवी होती. "गुरुवारी बघू," ती म्हणाली. नळ्या तिने बर्फात रोवल्या, कपाटातून तिन्ही वह्या काढल्या आणि छातीशी धरून निघून गेली. बुधवारी ती कामावर आली नाही. मी पाच वेळा फोन केला, तिने एकदाही उचलला नाही. ती राजीनामा लिहीत बसली असणार याबद्दल मला शंका उरली नव्हती.

गुरुवारी सकाळी मी आधी नियतकालिकाला पत्र पाठवलं, की आमच्या लेखातलं झाकणाबद्दलचं विधान चुकीचं आहे, दुरुस्ती छापावी. पाठवल्याशिवाय सभेत गेले असते तर तिथे कदाचित माझी जीभ वळली नसती. मग सभेच्या खोलीत जाऊन बसले. धाकटी अगदी शेवटी आली, माझ्याकडे न बघता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. वह्या तिने पुढ्यात ठेवल्या. वरच्या वहीतून एक घडी घातलेला कागद डोकावत होता.

मोजपट्टी सरांनी कार्यक्रम वाचायला घेतला. मी हात वर केला. मी कधी हात वर करत नाही, सरळ बोलते, त्यामुळे ते दचकलेच.

"मला आधी बोलू द्या," मी म्हणाले आणि उभी राहिले. "त्या एन्झाइमचं झाकण उघडं असतं. बर्फवाल्या साहेबांनी दाखवून दिलंय, ते तुम्हाला पडद्यावर दाखवतील. नवं यंत्र आलं म्हणून हे कळलं, असं ते म्हणतील. ते मला सांभाळून घेताहेत. हे त्या वेळीही कळलं असतं. एक बटण दाबायचं होतं, ते मी दाबलं नाही, कारण मला चित्र सुंदर हवं होतं."

मोजपट्टी सरांनी हातातला कार्यक्रमाचा कागद खाली ठेवला.

"अजून एक आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढलेला नव्हता, तो मला स्वतःलाच परका वाटत होता. "सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत मी म्हटलं होतं की हात बघा. तपासता तपासता तिचा तराजूसुद्धा मी तपासला. माझं स्वतःचं काम तेवढं तपासायचं राहिलं. ते शब्द मी तुमच्या सगळ्यांसमोर परत घेते."

मी बसले. मोजपट्टी सरांनी चष्मा काढून पुसला, आणि मग धाकटीकडे वळले. "तुम्हीही आज काही सांगणार होतात असं मला कळवलं होतंत."

ती उठली. वहीतला तो कागद तिने काढला आणि उलगडला. उलगडत गेली तर तो चांगला टेबलभर लांब झाला, चार-पाच ताव एकमेकांना चिकटवलेले. राजीनामा इतका लांब नसतो. तिने तो सगळ्यांना दिसेल असा पसरला.

"काल दिवसभर मी हे केलं," ती म्हणाली. "एक्केचाळीस बदल आहेत. प्रत्येक तीनदा केलेला आहे, आणि तिन्ही वेळचा आकडा अर्ध्या अंशाच्या आत जुळतो. एकही सुटलेला नाही. मी आधी हे झाकण बंद धरून वाचत होते, तेव्हा काहीच अर्थ लागत नव्हता. काल उघडं धरून वाचलं." तिने बोट ठेवलं. "हे बघा. जो मणी पाण्यात जितका जास्त उघडा पडतो, तितक्या लवकर प्रोटीन गोळा झालंय. ओळीने, एकामागून एक. आणि हे दोन, झाकणाच्या बिजागरीजवळचे. हे मूळ प्रोटीनपेक्षा दीड अंश जास्त टिकले. मी तेव्हा प्रश्नचिन्ह करून सोडून दिलं होतं. मला वाटलं माझ्याच मोजण्यात चूक असेल."

मोजपट्टी सर उठून टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला गेले. वाकून एकेक ओळ बोटाने वाचत गेले. इतका वेळ त्यांना मी कुठल्याच कागदाशी रेंगाळताना बघितलेलं नाही. "हे तर," ते शेवटी म्हणाले, "झाकण उघडं आहे हे यातून नुसत्या आकड्यांवरूनही सांगता आलं असतं."

"हो," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या वर्षीच."

मग त्यांनी विचारलं, किती वेळ लागेल, आणि ती म्हणाली, बिजागरी आवळायची आहे, आठ बदल पुरतील, एक वर्ष द्या. त्यांनी दिलं. मला वाटलं होतं यावर काहीतरी चर्चा होईल, पण ते लगेच पुढच्या विषयाकडे वळले, आणि तो विषय एका गळक्या नळाचा होता.

बाहेर व्हरांड्यात मी तिच्या मागे चालत होते. जिन्यापाशी ती थांबली.

"मला माफ कर," मी म्हणाले.

"एक्केचाळीस वेळा ते प्रोटीन मला खरं सांगत होतं, ताई," ती म्हणाली. "आणि मी तुझं ऐकत बसले." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. "मी रागावलेय तुझ्यावर. आणि बरेच दिवस रागावलेली राहणार आहे."

"राहा," मी म्हणाले. माझ्या मनात लाज होती आणि लाजेच्या शेजारी, चोरून, अभिमानही होता, आणि तो दाखवायचा हक्क आपल्याला आज नाही एवढं मला कळत होतं. "बिजागरीच्या कामात काही लागलं तर सांग. नळ्या धुवायच्या असल्या तरी येईन."

"येशील. सोमवारी आठला ये. आणि मी विचारलं तर उत्तर देताना माझ्याकडे बघ."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. आईला ऐकू कमी येतं म्हणून आम्ही तिच्याशी नेहमी स्पीकर लावून, मोठ्याने बोलतो. धाकटीने स्पीकर लावला.

"काय ग, झाली का सभा? तुझा आवाज गेले कित्येक दिवस पडलेला, म्हणून म्हटलं विचारावं."

"झाली, आई. चांगली झाली. माझे हात चांगले आहेत, असं आज सगळ्यांसमोर ठरलं."

"हे काय भलतंच?" आई म्हणाली. "वाईट आहेत असं कोण म्हणालं होतं?"

तिने फोन माझ्या तोंडापुढे धरला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मी, आई," मी म्हणाले. "मी म्हणाले होते."

धाकटीने फोन तसाच धरून ठेवला होता. तिचा हात जराही हलत नव्हता.